सूनबाईंचा काळा काढा, आणि तुमची बाकीची पत्रं

गेल्या अंकात सर्दीच्या औषधांबद्दल लिहिताना मी सिंगापूरमधल्या चिनी औषधांच्या दुकानांचा एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मी २३ वर्षं सिंगापूरला एका रुग्णालयाच्या फार्मसीत काम केलं. खिडकीतून आम्ही गोळ्या द्यायचो, आणि त्या घेऊन जाणाऱ्या कितीतरी जणांच्या घरी मातीच्या भांड्यात दुसरंच औषध उकळत असायचं. हा विषय माझ्या जवळचा आहे, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न : माझा मुलगा सिंगापूरला असतो. सून तिथल्याच चिनी घरातली, मोठ्या बँकेत अधिकारी आहे. तिच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने राहून आले. तिची आई रोज एक काळाकुट्ट काढा उकळायची आणि सून तो मुकाट्याने प्यायची. हॉस्पिटलच्या गोळ्याही चालू, हाही चालू. मी तोंडातून शब्द काढला नाही, पण मनात खटकत राहिलं. एवढी शिकलेली माणसं हे का घेतात? आणि माझ्या नातीला त्यातून काही अपाय तर होणार नाही ना?
— एक आजी, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, नातीचं आधी सांगते. आई काय घेते हे तिच्या डॉक्टरांना माहीत असेल आणि बाळाच्या तोंडात कोणी काही घालत नसेल, तर घोर लावून घेऊ नका. बाळाला मात्र कुठलाही चिनी काढा थेंबभरसुद्धा देऊ देऊ नका. हे एवढं ठासून सांगते त्याला कारण आहे. हुआंगलियन नावाचं एक जहर कडू मूळ असतं. बाळाच्या अंगातली उष्णता निघावी म्हणून ते तिकडे पूर्वी तान्ह्यांना चाटवत. त्यात बर्बेरिन नावाचं द्रव्य असतं. जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम ज्या बाळांच्या रक्तात कमी असतं, त्यांची कावीळ त्याने विकोपाला जाऊ शकते, मेंदूपर्यंत पोचू शकते. सिंगापूर सरकारने १९७८ मध्ये त्यावर बंदी घातली. ती २०१३ मध्ये उठली, पण तान्ह्या बाळांना ते देऊ नये हे आजही तितकंच खरं आहे. आपल्या दारुहळदीतही हेच बर्बेरिन असतं, तेव्हा घुटीत काय काय उगाळलं जातं याकडे आपणही लक्ष द्यायला हवं.

आता तुमचा खरा प्रश्न. शिकलेली माणसं हे का घेतात?

माझी मुलगी सिंगापूरलाच झाली. साताऱ्याहून आई आली होती, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा असं सगळं बांधून घेऊन. आमच्या समोरच्या घरात साठीच्या एक चिनी बाई राहायच्या, सगळे त्यांना आंटी म्हणायचे. त्यांना होक्कियन ही चिनी बोली यायची आणि बाजारापुरतं मलाय. आईला मराठीखेरीज काही येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आंटी दार लोटून आत आल्या. माझ्याकडे बघितलं, वर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघितलं आणि सरळ जाऊन बटण बंद केलं. बाहेर ३२ अंश तापमान! मी कासावीस होऊन आईकडे पाहिलं, तर आई मान डोलावत होती. मग आंटींनी माझ्या ओल्या केसांना हात लावला आणि चुकचुकल्या. आई म्हणाली, "बघ, ही परकी बाईसुद्धा तेच सांगतेय. नको म्हटलं होतं ना न्हाऊस."

दुसऱ्या दिवशी आंटी थर्मास घेऊन आल्या. वाळवलेली लाल चिनी बोरं आणि आलं उकळून केलेलं पाणी होतं त्यात. आईने वास घेतला, घोटभर चाखलं आणि डब्यातला एक लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. आंटींनी तो मोडला, आतला तळलेला डिंक बोटाने दाबून पाहिला, नाकाशी धरला आणि हसून म्हणाल्या, "हालिया." मलायमध्ये हालिया म्हणजे आलं. त्यांना सुंठ ओळखू आली होती. पुढचे सगळे दिवस त्या दोघी माझ्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत राहिल्या. गार पाणी नको, वारा नको, शिळं नको, पोटाला बांध. चिनी घरात बाळंतिणीचा महिना पाळतात, त्याला 'महिना बसणं' म्हणतात. आपला सव्वा महिना आणि त्यांचा हा महिना शेजारी शेजारी ठेवलात, तर तुम्हाला फारसं परकं काही सापडणार नाही.

तुमच्या सूनबाई तो काढा पितात, कारण शरीराची ही भाषा त्या शाळेत जायच्या आधी शिकल्या आहेत. सिंगापूरचं लहान मूलसुद्धा सांगतं, अमुक 'हीटी' आहे आणि तमुक 'कूलिंग'. ड्युरियन हे फळ खाल्लं की अंग तापतं, म्हणून त्यावर मँगोस्टीन हे दुसरं फळ खायचं. घसा धरला की शेवंतीच्या फुलांचा चहा. आपण आंबे पाण्यात टाकतो, गरोदर बाईला पपई देत नाही, उन्हाळी लागली की सब्जा भिजवतो, ते काय वेगळं आहे? बँकेत हुद्दा वाढला म्हणून हे अंगातून जात नाही. ताप १०२ झाला की त्याच सूनबाई डॉक्टरकडे जातील आणि गोळी घेतील. पण ताप उतरल्यावर अंगात जो रितेपणा उरतो, त्याचं काय करायचं हे त्यांना आईकडून कळलेलं असतं.

काढा काळा का, तेही सांगते. बाळंतपणानंतर रक्त भरून यावं म्हणून तिकडे बऱ्याच घरांत 'बाजन थांग' देतात, म्हणजे आठ औषधींचा काढा. त्यात शूदीहुआंग नावाचं एक मूळ असतं. ते वाफवून वाळवतात, पुन्हा वाफवतात, पुन्हा वाळवतात, इतकं की ते काळं आणि खजुरासारखं चिकट होतं. सगळा रंग त्याचा. मी पहिल्यांदा अशी पुडी उघडली तेव्हा गुलाबी कागदावर ते काळे तुकडे, पांढऱ्या पातळ चकत्या, मातकट काड्या असं सगळं पसरलं होतं. त्यात तिरक्या कापलेल्या पिवळसर चकत्या दिसल्या. एक जिभेवर ठेवली आणि चटकन ओळखली. जेष्ठमध! चिनी नाव गानत्साव, आणि त्यांच्या निम्म्याहून अधिक काढ्यांत ती असतेच. आपला नागरमोथासुद्धा त्यांच्या लाकडी खणांत असतो.

पुढच्या वेळी जाल तेव्हा विहीणबाईंना म्हणा, पुडी दाखवा. तुम्ही त्यांना अळीव दाखवा. एवढं मात्र बघा की त्या काढ्यात दांगक्वे नावाचं मूळ असतं, ते रक्तस्रावावर परिणाम करू शकतं. सिझेरियन झालं असेल किंवा अंगावरून जास्त जात असेल, तर प्रसूतितज्ज्ञांना पुडीचा फोटो दाखवूनच काढा सुरू करायचा.

प्रश्न : टीव्हीवर खेळाडूंच्या पाठीवर जांभळे गोल डाग दिसतात. ही चिनी उपचारपद्धती आहे म्हणे. हे काय असतं?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आजोबांना 'तुंबडी' म्हणजे काय ते विचार. आपल्याकडे तुंबडी लावणारे दारोदार फिरायचे. शिंग किंवा भोपळा कातडीवर लावून हवा ओढून घ्यायची. चिनी पद्धतीत काचेचा पेला असतो, आत क्षणभर ज्योत फिरवून तो पाठीवर टेकवतात, कातडी आत ओढली जाते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पोहणाऱ्या मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते डाग जगाने पाहिले. डाग म्हणजे कातडीखाली फुटलेल्या बारीक केशवाहिन्या. 'विष बाहेर आलं' असं कोणी सांगितलं तर ते मानू नकोस. आखडलेल्या स्नायूला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, हे मात्र अनेकजण मनापासून सांगतात.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. करतो. चिनी औषधं म्हणजे मनाचं समाधान, याउपर काही नाही. 'ची' नावाची ऊर्जा कुठल्याही यंत्रात दिसत नाही. तरी सिंगापूर, चीनसारख्या प्रगत देशांत सुशिक्षित लोक याला का फसतात? सरकारं सरळ बंदी का घालत नाहीत?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : 'ची' यंत्रात दिसत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. 'फसतात' या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. मी त्या खिडकीत बसून हजारो माणसं पाहिली आहेत, आणि एकदा मी स्वतःही गेले होते.

मी ४७ वर्षांची होते. रात्री तीनला जाग यायची, अंग घामाने भिजलेलं, आणि पुन्हा डोळा लागत नसे. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर चांगल्या होत्या, पण बाहेर वीस माणसं खोळंबलेली. पडद्यावरचे आकडे पाहून त्या म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे." मी घरी आले आणि जिन्यातच रडले. नॉर्मल असेल तर मग मला हे काय होतंय?

एक सहकारी मला टोआ पायोहला चुंग ह्वा या धर्मादाय संस्थेच्या दवाखान्यात घेऊन गेली. १९५२ पासून ही संस्था गरिबांना फुकट तपासते. वैद्य सत्तरीचे होते. उशीवर माझं मनगट ठेवून तीन बोटं टेकवली. आधी हलकी, मग जरा दाबून. मग दुसरा हात. जीभ बघितली. मग प्रश्न. पाय गार पडतात का? तहान लागली की गार पाणी हवंसं वाटतं की कोमट? जाग नेमकी किती वाजता येते? स्वप्नं पडतात का? रडू येतं का? आई कशाने गेली? हा शेवटचा प्रश्न मला आजवर कुठल्याच दवाखान्यात कोणी विचारला नव्हता. आई गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

नाडीतून त्यांना काय कळलं हे मला ठाऊक नाही. माझ्या तक्रारींना त्यांनी एक नाव दिलं. शरीरातलं पाणी आटलंय, आग वर चढलीय, असं काहीसं. शास्त्र म्हणून ते तपासता येणार नाही. पण सगळं जुळवून कोणीतरी त्याची एक गोष्ट करून सांगितली, आणि ती मला समजली. दोन महिन्यांत झोप सुधारली. या वयातल्या अशा तक्रारी आपोआपही ओसरतात, हे मला माहीत आहे, म्हणून काढ्याने बरी झाले असा दावा मी करणार नाही. पण मी पुन्हा का गेले, तर तिथे माझं ऐकून घेतलं जात होतं म्हणून.

आणखी एक कारण जुनं आहे. १९ व्या शतकात दक्षिण चीनमधून हमाल, गलबतांवर राबणारे, खाणकामगार असे हजारो गरीब सिंगापूरला उतरले. इंग्रजांच्या इस्पितळात त्यांची बोली कोणाला कळायची? १८६७ मध्ये काही व्यापाऱ्यांनी थोंग चाय ही संस्था काढली. तपासणी फुकट, औषध फुकट, आणि जातधर्म न विचारता. नावाचाच अर्थ सर्वांना सारखी मदत. १९१० मध्ये सेरांगून रोडवर क्वोंग वाई शिऊ हे रुग्णालय उभं राहिलं. आपली मराठी मंडळी ज्या रस्त्याला किराणा आणायला जातात तोच हा रस्ता. चार पिढ्या ज्यांनी आपल्या भाषेत 'कुठे दुखतं?' असं विचारलं, त्यांच्याकडे माणसं आजही जातात. माझ्या खिडकीशी येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जणांना इंग्रजी येत नसे. पोटात 'वारा धरलाय' हे त्यांनी डॉक्टरला कसं सांगायचं?

चीनचं प्रकरण थोडं वेगळं. तिथे सरकारच पाठीशी आहे. १९५० च्या दशकात प्रचंड लोकसंख्या आणि मूठभर डॉक्टर, तेव्हा जे हाताशी होतं ते संघटित केलं गेलं. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चेंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालयं निघाली. १९८२ च्या राज्यघटनेत आधुनिक आणि पारंपरिक अशा दोन्ही वैद्यकांचा उल्लेख आहे. तिथल्या माणसाला चिनी औषध म्हणजे सरकारी इस्पितळातला आणखी एक विभाग वाटतो. सकाळी एक्स-रे काढायचा, दुपारी त्याच आवारात काढ्याच्या पुड्या घ्यायच्या.

आता तुमच्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याशी बोलते. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांचं नाव तुम्हाला माहीत असेल. व्हिएतनाम युद्धात मलेरियाने सैनिक पटापट मरत होते, तेव्हा चीनने १९६७ मध्ये एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तू यूयूंच्या गटाने जुन्या पोथ्यांतले २,००० हून अधिक नुस्खे गोळा केले. चिंगहाव नावाच्या वनस्पतीचा अर्क उंदरांवर कधी चालायचा, कधी नाही. मग त्यांच्या नजरेस चौथ्या शतकातल्या गे होंगची एक ओळ आली. मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या. उकळा असं तिथे कुठेच नव्हतं! उष्णतेने गुण जात असेल हे त्यांच्या ध्यानात आलं. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि तो उंदीर-माकडांवर चालला. माणसाला देण्याआधी त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यातून निघालेल्या आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाने जगभर लाखो जीव वाचवले. २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पोथीने वाट दाखवली, पण खरं-खोटं ठरलं ते प्रयोगशाळेत. मला दोन्हींचा आदर आहे, आणि त्यांतलं एकच सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

उलट बाजूही तेवढीच खरी. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत हान फांगजी या मुळाच्या जागी ग्वांग फांगजी गेलं. नावं सारखी, वनस्पती निराळी. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक बायकांच्या किडन्या बिघडल्या, काहींना पुढे कर्करोग झाला. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य ऐकलं की मला त्या बायका आठवतात.

सुयांबद्दल, म्हणजे ॲक्युपंक्चरबद्दल विचाराल तर, पाठ, मान, गुडघे, अर्धशिशी अशा चिवट दुखण्यांत सुया घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा बराच आराम पडतो. पण खऱ्या सुया आणि नुसत्या दिखाऊ सुया यांच्यातला फरक लहान निघतो. म्हणजे गुणाचा बराचसा भाग त्या खोलीत, त्या स्पर्शात, त्या अर्ध्या तासात आहे. तुम्ही त्याला मनाचं समाधान म्हणाल. दुखणारा माणूस म्हणेल, मला काल रात्री झोप लागली.

बंदी घातली तर हे सगळं मागच्या दाराने चालेल. सिंगापूरने २००० साली कायदा केला, वैद्यांची नोंदणी सक्तीची केली, परीक्षा घेतल्या. आज नोंदवहीत वैद्याचं नाव कोणालाही शोधता येतं. मला तो मार्ग पटतो. नागपुरात बसून आपण सोपं उत्तर देऊ शकतो, पण कोणाच्या आजीला 'तू खुळी आहेस' म्हणून तिचं भांडं चुलीवरून उतरत नाही. ती ते दार लावून उकळते.

प्रश्न : आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चीनमध्ये चिनी वैद्यक शिकून घेतलं होतं का?
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : गुरुजी, कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे, हाडाचे शल्यचिकित्सक. १९३८ मध्ये, चीन-जपान युद्ध चालू असताना, पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. सुयांचं शास्त्र भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. ते पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते रुजवलं. मित्राच्या आठवणीचा धागा त्यांनी कधी सोडला नाही. आज लुधियानात कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे, आणि खुद्द आपल्या महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. सोलापूरच्या त्या मुलाने सुई हातात धरली नाही, तरी भारतातल्या या शास्त्राच्या कुळकथेत त्याचं नाव पहिल्या पानावर आहे.

प्रश्न : मी सिंगापूरला नोकरी करतो. बाबा (वय ७१) सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. गुडघे फार दुखतात. वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय. शेजारचे चिनी काका त्यांच्या वैद्याकडे नेतो म्हणतात, बाबाही तयार आहेत. पाठवू का?
— एक मुलगा, पुंगोल, सिंगापूर

उत्तर : बाबा तयार का झाले हे तुम्ही नीट ओळखलंय असं पत्रावरून वाटतं. डॉक्टरांनी 'हे घ्यायचं नाही' सांगितलं, 'मग काय घ्यायचं' ते सांगितलं नाही. त्या रिकाम्या जागेत माणूस वैद्याकडे जातो. माझ्या खिडकीतल्या निम्म्या गोष्टी तिथूनच सुरू व्हायच्या.

एक गोष्ट सांगते. तुमच्या बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, झडप बदललेली, वॉरफरिन चालू. दर महिन्याला त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तीनच्या आत असायचा. एकदा तो सहाच्या वर गेला. दंडावर जांभळे डाग, हिरड्यांतून रक्त. गोळ्या बरोबर घेत होते, पथ्यही तेच होतं. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध?" ते म्हणाले, "नाही." खरंच सांगत होते ते, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. मी खिडकीशी त्यांना विचारलं, "आंकल, घरी सूप कुठलं करताय हल्ली?" ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, दानशेन, म्हणजे एका चिनी मुळाचं. छातीसाठी चांगलं असतं म्हणून बायको तीन आठवडे रोज करत होती. दानशेनने वॉरफरिनचा जोर वाढतो. नंतर कळलं, काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांनी काढ्याचं नाव काढलं होतं, तेव्हा डॉक्टर सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले होते. तेव्हापासून त्यांनी सांगणं बंद केलं. घेणं बंद केलं नव्हतं.

तर तुमच्यासाठी : पोटात घ्यायचं काहीही नको. दानशेन, दांगक्वे ही वॉरफरिनचा परिणाम वाढवतात, जिनसेंग तो कमी करू शकतं, आणि झडप बदललेल्या माणसाला दोन्ही जीवघेणं. वैद्य नोंदणीकृत असेल तर बाबांनी वॉरफरिनचं कार्ड दाखवताच तो स्वतःच हे सांगेल. सुया टोचून घ्यायच्या असतील, तर आयएनआर ठिकाणावर आहे ना ते पाहून, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. तिथल्या काही सरकारी रुग्णालयांतही ॲक्युपंक्चर मिळतं, मी तुमच्या जागी असते तर तिथे नेलं असतं. तुंबडी अजिबात नको, नुसता रक्ताचा साकळा होईल. कोणी मलेशियातून आणलेल्या, लेबल नसलेल्या गुडघ्याच्या गोळ्या देऊ केल्या तर हात जोडून नको म्हणा. अशा गोळ्यांत चोरून स्टेरॉइड घातल्याचं तिथल्या तपासण्यांत वारंवार सापडलंय. आणि ज्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे चोळायचं तेल. त्या उग्र वासाच्या हिरव्या-लाल तेलांत बहुधा मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते कातडीतून आत जातं आणि तेही आयएनआर वाढवतं. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी द्या, फिजिओथेरपिस्टकडे मांडीचे व्यायाम शिकवा, आणि 'पॅरासिटामॉल किती चालेल' हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

त्या गृहस्थांचं पुढे काय झालं विचाराल. पुढच्या महिन्यात ते बायकोला घेऊन आले. तिच्या हातात कापडी पिशवी होती. घरातल्या सगळ्या पुड्या, बाटल्या, तेलं तिने खिडकीच्या कट्ट्यावर एकेक करून मांडली. ती तेओच्यू या चिनी बोलीत नाव सांगायची, माझी सहकारी ते चिनी अक्षरांत लिहायची, मी संगणकात घालायचे. चौदा वस्तू निघाल्या. तीन बाजूला काढल्या, बाकीच्या तिने परत पिशवीत भरल्या. मागे रांग वाढत होती, पण त्या दिवशी मी घाई केली नाही.

तुम्हीही आज रात्री बाबांना त्यांची बॅग उघडायला सांगा. गावाहून आणलेलं चूर्ण, गुडघ्याचं तेल, कोणीतरी विमानतळावर हातात दिलेली आसवाची बाटली, सगळं टेबलावर मांडा. त्यांनी स्वतः मांडू देत, तुम्ही फक्त फोटो काढा. आयएनआरच्या पुढच्या तपासणीला ते फोटो सोबत न्या.